पायाचं माप पाठव

शिआन, चीन,
मंगळवार, रात्र

चि. गार्गीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो आले नाहीत म्हणून फुगून बसली असशील. इथल्या संग्रहालयात भित्तिचित्रांच्या दालनात उजेड मुद्दाम मिणमिणता ठेवलाय, माझ्या मोबाइलात नुसत्या काळ्या भिंती उतरल्यात. म्हणून लिहूनच कळवते.

आमच्या ग्रुपमधल्या सगळ्याजणी चित्रांतले अंबाडे बघत होत्या. मी मात्र पाय बघत बसले. का, ते पुढे येईलच.

योंगताई नावाची एक राजकन्या होती, थांग राजघराण्यातली, सम्राज्ञी वू झेतियानची नात. 701 साली गेली, इथल्या मोजणीनं सतरा वर्षांची. पाच वर्षांनी, 706 मध्ये, तिला इतमामानं आजी-आजोबांच्या समाधीजवळ पुन्हा पुरलं आणि थडग्याच्या भिंतींवर तिच्या दासी रंगवल्या. पुढच्या जन्मीही राबायला माणसं हवीत ना! कुणाच्या हातात मेणबत्ती, कुणाच्या पंखा, एकीच्या हातात उंच दांड्याचा पेला. छातीपासून जमिनीपर्यंत लोळणारे घागरे, आणि त्यांच्या खालून डोकावणारी जोड्यांची टोकं, होडीच्या नाळेसारखी वर वळलेली. गाइड सांगायच्या आधीच मला कळलं की ही नुसती नटवेगिरी नाही. घागऱ्याची कड त्या टोकावर अडकून राहते, पायात येत नाही. निऱ्या पायाखाली येऊन एसटीच्या पायरीवर जी एकदा तरी धडपडलीय, तिला हे समजवावं लागत नाही.

रांगेतली शेवटची दासी पुरुषी वेशात आहे, अंगरखा नि कमरेला पट्टा. थांग घराण्याच्या जुन्या इतिहासग्रंथातच लिहिलंय म्हणे, की बायका पुरुषांचे कपडे नि बूट घालून हिंडू लागल्या, घरातलं-बाहेरचं सगळं एक झालं. लिहिणाऱ्याच्या कपाळावरची आठी मला इथून दिसली. त्याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे. आधी बायकांचे जोडे जड असत, पण काययुआन काळापासून, म्हणजे 713 नंतर, त्या दोऱ्यांनी विणलेले हलके जोडे घालू लागल्या. कारण काय दिलंय? कामाला बरे पडतात! हजाराहून जास्त वर्षांपूर्वीच्या दरबारी इतिहासकाराला बाईच्या कामाची अडचण सुचली, याचं मला फार कौतुक वाटलं.

शेजारी राजपुत्र ली शियानच्या थडग्यातली चित्रं आहेत. त्यात पोलो खेळणारे घोडेस्वार आहेत, सगळे बुटांत. आणि एक चित्र परदेशी राजदूतांचं. यजमान अधिकारी पायघोळ झग्यात, वर वळलेल्या टोकांच्या जोड्यांत. राजदूत बुटांत. बूट मुळात घोड्यावरच्या भटक्या टोळ्यांचे. इसवी सनापूर्वी 307 मध्ये झाओ राज्याच्या वूलिंग राजानं आपल्या सैन्याला त्यांचा पोशाख घालायला लावला, तेव्हा दरबारात केवढा गहजब झाला होता. थांग काळ येईतो तेच बूट इथल्या पुरुषांच्या अंगवळणी पडले होते, झग्याचा मान मात्र खास प्रसंगी राहिला. आपल्याकडे लग्नात सोवळं नेसतात, तसंच.

आता मुद्द्याचं. चीन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे बायकांचे, वाढू नयेत म्हणून घट्ट बांधलेले पाय यायचे. पण या भिंतींवर बांधलेला पाय एकही नाही. ती रीत रुजली थांगनंतर, सोंग नावाच्या राजघराण्याच्या काळात. फूचौ शहरात हुआंग शेंग नावाच्या मुलीचं थडगं सापडलंय. ती गेली 1243 मध्ये, तीही सतराचीच. राजघराण्याची सून. तिच्याबरोबर ठेवलेले जोडे 13 ते 14 सेंटिमीटरचे. माझा मोबाइल काढून मनातल्या मनात शेजारी धरला गं, तो मोठा भरला. त्याआधीच्या थांग काळातला, वायव्य चीनमधल्या तुर्फानजवळच्या अस्ताना कबरस्तानात मिळालेला एक रेशमी जोडा आहे. पुढे ढगासारखा वळलेला, रंगीत फुलांचा. त्याची लांबी 29.7 सेंटिमीटर. पाय बांधायला कायमची बंदी आली ती 1912 मध्ये.

आणि त्या अंधाऱ्या दालनात मला पेठेतलं ते चपलांचं दुकान आठवलं. तू नववीत होतीस. दुकानदार म्हणाला, "ताई, हिच्या मापाचं जेन्ट्समध्ये बघा." तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी त्याच्याबरोबर हसले. वर म्हणाले, "पाय कसले, नांगराचे फाळ आहेत." नऊ नंबर लागत असताना आठ घेतला, "सैल होतील वापरून" म्हणून. झाले नाहीत. वर्षभर चावल्या तुला त्या, टाचेला कापूस लावून जायचीस, पण बोलली नाहीस. अजूनही पाय दुमडून साडीखाली घेऊन बसतेस, ते मी बघते. माझं चुकलं होतं.

हॉटेलच्या गल्लीत एक म्हातारे आजोबा कापडी जोडे शिवतात. कापडाचे थरावर थर चिकटवून, मेणाच्या दोऱ्यानं टाके घालून तळवा करतात. मी हातात घेऊन वाकवून पाहिला, चांगला मऊ आहे. मापाप्रमाणे दोन दिवसांत देतो म्हणाले (म्हणजे बोटं दाखवली). आम्ही शुक्रवारी निघतोय दुनहुआंगला.

तेव्हा हे वाचल्या वाचल्या कागदावर उभी राहा, बसून नाही, आणि पेन्सिलनं दोन्ही पाय आखून घे. टाचेपासून अंगठ्यापर्यंत किती सेंटिमीटर ते मोजून कळव. खरं माप सांग, मागच्यासारखं थोडं कमी करून नको. रंग लाल घेऊ की निळा, तेही सांग.

तुझी,
आई