चिठ्ठी उलटून पाहणाऱ्या ताईंना

ताई,

शोधनिबंध छापून आला. दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रेकन्सबर्ग डोंगराच्या गवताळ उतारावरच्या त्या इवल्याशा, पिसवेसारख्या उड्या मारणाऱ्या पिसू-भुंगेऱ्याला आता नाव मिळालं आहे. तुमचे आभार मला सगळ्यांसमोर मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

हा भुंगेरा लाँगिटार्सस वंशातला. या वंशात जगभर ५०० हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या कित्येक नुसत्या डोळ्यांना एकसारख्या दिसतात. नराचं जननेंद्रिय आणि मादीची शुक्रपिशवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की खरा फरक कळतो. नवी जात म्हणायची, तर आधी वर्णन झालेल्या जवळच्या जातींचे मूळ नमुने, म्हणजे ज्यांच्यावरून त्या जातींना पहिल्यांदा नाव दिलं ते कीटक, तपासावे लागतात. कीटक आफ्रिकेतले, पण त्यांचे कितीतरी मूळ नमुने युरोपातल्या कपाटांत.

एका मोठ्या संग्रहालयाने माझ्या पत्रांना उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने 'स्वतः येऊन पाहा' असं कळवलं. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या मुलीला ते परवडणार नाही, हे मी आधीच लिहिलं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही. इथल्या एका वरिष्ठांनी तर विचारलं, एवढ्याशा किड्याला नाव देऊन कुणाचं पोट भरणार? तेव्हा गप्प बसले, आज सांगते. केनियात १९६६ मध्ये भातावर जो पिवळा विषाणूरोग पहिल्यांदा नोंदला गेला, तो पसरवणाऱ्या कीटकांत कीटोक्नेमा पुला हा पिसू-भुंगेराच आहे. पश्चिम आफ्रिकेत भेंडीच्या पानांची चाळण करणारा पोडाग्रिकाही याच गटातला. कोणता किडा कोणता हेच माहीत नसेल, तर शेतकऱ्याला सल्ला तरी काय देणार?

ताई, तुम्ही अशाच एका संग्रहालयात काम करणाऱ्या, मला ओळखतही नव्हता. मी मागितले होते फक्त जवळच्या एका जातीच्या मूळ नमुन्याचे फोटो. ते तुम्ही पाठवलेच, पण टाचणीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्यात, उलट्या केल्यात आणि त्यांच्या मागच्या बाजूचेही फोटो काढलेत. कुणी सांगितलं नव्हतं. शंभर वर्षांचा तो कागद हातात तुटला असता तर बोल तुम्हालाच लागला असता. पुढच्या बाजूला फक्त 'नाताळ' हे प्रांताचं नाव होतं. मागे पेन्सिलीने, पुसट अक्षरात, सेनेसिओ या सूर्यफुलाच्या कुळातल्या झाडाचं नाव होतं. माझे भुंगेरे तुळशीच्या कुळातल्या झुडपावर सापडले होते, आणि पिसू-भुंगेरे खाण्याच्या बाबतीत भलते चोखंदळ. जननेंद्रियाचा आकार वेगळा दिसतच होता, पण त्या पेन्सिलीच्या ओळीने माझी धाकधूक गेली. फोटोसोबत तुम्ही एवढंच लिहिलं होतं, 'मागे काहीतरी आहे, तुमच्या उपयोगी पडेल असं वाटलं.' ते वाचून मी प्रयोगशाळेतच रडले.

हुशार माणसं मला पुष्कळ भेटली. दुसऱ्याचं काम आपलं समजून करणारी फार थोडी. आज पिसू-भुंगेऱ्याच्या मागच्या मांडीतल्या स्प्रिंगला मौलिकचं इंद्रिय म्हणतात, ते समरेंद्र मौलिक या आपल्या भारतीय माणसामुळे. लंडनच्या संग्रहालयात त्यांनी अशा पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. अशा प्रत्येक संशोधकामागे कपाटं उघडणारे, डांबराच्या गोळ्या बदलणारे, चिठ्ठ्या जपणारे किती हात असतील! निबंधांत त्यांची नावं येत नाहीत.

जातीला तुमचं नाव द्यायचं मी ठरवलं होतं. तुम्ही नको म्हणालात, ज्या झुडपावर ती जगते त्याचंच द्या म्हणालात. तसंच केलं. आभारांत मात्र तुमचं नाव पहिलं आहे, आणि ते मी तुम्हाला विचारून घातलेलं नाही.

तुमची,
ड्रेकन्सबर्गची भुंगेरेवाली