दोन रिकाम्या चौकोनांबद्दल

सिस्टर,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. डिस्चार्जच्या दिवशी ‘एक फोटो काढू का?’ म्हणून विचारलं, तर तुम्ही नुसत्या हातानेच ‘नको’ म्हणाला होतात.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा सगळ्यांनी डॉक्टरांचे आभार मानले, आम्हीही मानले. बंद पडलेली रक्तवाहिनी तासाभरात मोकळी करून देणं ही काही साधी गोष्ट नाही. तुमचे आभार मात्र राहूनच गेले. तुम्ही काय करून ठेवलंय ते आम्हाला कळायलाच चार महिने लागले.

त्या दिवशी आम्ही निघायच्या घाईत होतो, सामान उचललंसुद्धा होतं. तुम्ही खुर्ची ओढलीत आणि डिस्चार्ज कार्डाच्या कोऱ्या बाजूवर पेनाने एक नळी काढलीत. नळी म्हणजे रक्तवाहिनी. नळीत जाळी, म्हणजे स्टेंट, जाळीभोवती बारीक ठिपके. ठिपके म्हणजे प्लेटलेट्स, रक्तातले गुठळी करणारे बारीक कण. शरीराला ही जाळी परकी, त्यामुळे तिच्यावर आतलं नाजूक अस्तर चढेपर्यंत ते ठिपके तिला चिकटून गुठळी करायला टपलेले असतात. गंमत म्हणजे, नळी पुन्हा आकसू नये म्हणून स्टेंटला जे औषध लावलेलं असतं, त्यानेच हे अस्तर धरायला उशीर होतो. म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला टिकाग्रेलॉर, दिवसातून दोनदा. हार्ट अटॅक येऊन गेलेला, म्हणून साधारण वर्षभर.

‘‘म्हणजे रक्त पातळ व्हायची गोळी,’’ बाबा म्हणाले.

‘‘म्हणतात तसं. पण रक्त काही पाण्यासारखं होत नाही हो काका. फक्त या ठिपक्यांची चिकटायची खोड मोडते.’’

मग कॅलेंडरवर रोजचे दोन चौकोन आखायला सांगितलंत. घेतली की खूण. चुकली तर चौकोन रिकामा ठेवायचा, मागाहून भरायचा नाही आणि भरपाई म्हणून दोन गोळ्याही एकदम घ्यायच्या नाहीत. एवढं कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच आठवड्यात बाबांना बसल्या जागी दम लागल्यासारखं व्हायला लागलं. या गोळीने काहींना तसं होतं, पण ते आपल्या मनाने ठरवायचं नाही, दाखवायला यायचं, हे तुम्ही सांगून ठेवलं होतं. दाखवलं, तपासण्या झाल्या, हृदय ठीक निघालं. पंधरा दिवसांत दम कमी झाला.

चौथ्या महिन्यात दाढ दुखायला लागली. काढायचं ठरलं. आणि बाबांनी कोणाला न विचारता गोळी थांबवली. रक्त पातळ आहे, दाढेतून थांबणारच नाही, हा त्यांचा हिशेब! तो ‘पातळ’ शब्द तुम्ही पुसला होता, पण चार महिन्यांत तो परत डोक्यात येऊन बसला. मला कळलं ते कॅलेंडरमुळे. आदल्या रात्रीचा चौकोन रिकामा, त्या सकाळचाही. टिकाग्रेलॉरचा असर तीन ते पाच दिवसांत उतरतो आणि दाढ तर पुढच्या आठवड्यात काढायची होती. म्हणजे जाळी तेवढे दिवस जवळजवळ उघडी राहिली असती.

मी कार्डावरच्या नंबरवर फोन लावला. नशिबाने तुम्हीच उचललात. रागावला नाहीत. ‘‘थांबा, सरांना विचारून करते,’’ म्हणालात आणि दहा मिनिटांत खरंच उलट फोन केलात. एक गोळी आत्ता घ्या, दोन्ही औषधं चालू ठेवा, दातांच्या डॉक्टरांना स्टेंटचं आधी सांगा. दाढेचं रक्त दाबून थांबवता येतं, स्टेंटमधली गुठळी तशी थांबत नाही. दाढ निघाली. गॉझ नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरावा लागला, तेवढंच.

त्यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं. (भीतीने वाचलेलं जास्त लक्षात राहतं.) २००९ साली १८,६२४ रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभरात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणांनी झालेले मृत्यू क्लोपिडोग्रेल ही त्याच कामाची जुनी गोळी घेणाऱ्यांत ५.१ टक्के होते, टिकाग्रेलॉर घेणाऱ्यांत ४ टक्के. म्हणजे शंभरात जेमतेम एकाचा फरक. कागदावर किरकोळ दिसतो. तो एक आपल्या घरातला असला की किरकोळ दिसत नाही.

शेजारच्या खाटेवर बायपासचे आजोबा होते, आठवतात? टाके ताजे असताना ॲस्पिरिन कशाला, म्हणून त्यांची मुलगी तुमच्याशी भांडली होती. बायपास झालेल्या पाच हजारांवर रुग्णांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ४८ तासांच्या आत ॲस्पिरिन मिळालेल्यांत मृत्यू १.३ टक्के, न मिळालेल्यांत ४ टक्के. औषध कोणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेली चाचणी नव्हती ती, त्यामुळे सगळं श्रेय ॲस्पिरिनला देता येणार नाही. पण तुम्ही त्या मुलीला शांतपणे का समजावत होतात, ते आता कळतं.

वर्ष झाल्यावर डॉक्टरांनी टिकाग्रेलॉर बंद केली, ॲस्पिरिन चालू आहे. मनापासून आभार, सिस्टर, चित्र काढून समजावलेल्या त्या वीस मिनिटांचे आणि फोनच्या त्या दहा मिनिटांचे. कॅलेंडर बाबांनी टाकू दिलेलं नाही. त्यातले ते दोन चौकोन तुम्ही सांगितल्याप्रमाणे रिकामेच आहेत.