चिपीला उतरलो, पुढे काय?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरचा लेख काल वाचला. (तुमचा अंक आमच्याकडे साडेदहाच्या आधी येत नाही, ते रडगाणं पुन्हा केव्हातरी.) २,५०० मीटरची धावपट्टी, एका वेळी २०० जाणारे नि २०० येणारे मावतील अशी इमारत, सगळं छान. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटनाच्या व्यासपीठावर कोणी कोणाला टोमणे मारले, तेही चवीने दिलंत. फक्त उतरलेला माणूस घरी कसा जातो, त्यावर चकार शब्द नाही.

मी सांगतो. दोन वर्षांमागे मे महिन्यात आईला मुंबईहून विमानाने आणलं. वय ७८, गुडघे गेलेले, रेल्वेचा जिना चढवत नाही म्हणून हा थाट. विमान वेळेवर, सामानही चटकन मिळालं. बाहेर आलो तर समोर सडा, म्हणजे तापलेलं उघडं कातळाचं माळरान, आणि दोन गाड्या, दोन्ही आधीच ठरलेल्या. एसटीचं विचारलं तर तिथला माणूस नुसता हसला. आई डोक्यावर पदर घेऊन बॅगेवर बसली. पाऊण तासाने एक गाडी आली. कुडाळचे १,५०० रुपये! का, म्हटलं, तर म्हणाला, "काकांनू, परतीचा भाडा गावना नाय, ता तुमीच देवचा." त्याचंही खोटं नव्हतं म्हणा. पण विमानाचं तिकीट अडीच हजारांचं होतं हो! वाटेतलं पाट गाव सोडेपर्यंत आई गप्प होती. मग म्हणाली, "पुढच्या खेपेस तुतारी एक्स्प्रेसनेच येऊ."

२०१८ च्या चतुर्थीच्या तोंडावर चाचणीच्या विमानातून गणपतीची मूर्ती इथे उतरली, त्याचीही आठवण लेखात आहे. माणसांना मात्र पुढे तीन वर्षं थांबावं लागलं. बाप्पाला न्यायला निदान पुढारी तरी हजर होते.

जानेवारी २०२३ पासून गोव्यातल्या मोप्याहून विमानं उडू लागली आणि सावंतवाडी-बांद्याची मंडळी तिकडे वळली. तुमच्या लेखकाला हा 'स्थानिकांचा निरुत्साह' वाटतो. उत्साह आहे, साहेब, गाडी नाही. विमानाची वेळ धरून एक एसटी कुडाळला, एक मालवणला सोडायला लावा, मग बोलू.

आणि हो, लेखासोबत 'चिपी परिसर' म्हणून जो फोटो छापलात, त्यात मागे नारळीची दाट बाग दिसते. त्या सड्यावर ही बाग नेमकी कुठे आहे, तेवढं कळवा. पुढच्या वेळी आईला तिथे सावलीत बसवीन.

आपला,
एक वाचक, कुडाळ