न पाहिलेल्या लिनक्स कर्नलवाल्यांनो, मनापासून आभार

आमच्या रावेर-सावद्याकडे केळीचं वजन, कोणाचा माल कोणत्या ट्रकात गेला, सगळं आता कॉम्प्युटरवर असतं अन् आमच्या मशीनवर डेबियन (लिनक्सवर चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम) आहे, म्हणून डिसेंबर २०२३ चा तो ईएक्सटी४ चा (डिस्कवर फाईली ठेवायच्या पद्धतीचा) बग आमच्यासाठी लांबचा विषय नव्हता. ६.१.६४ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) एक पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, आला पण त्याला लागणारा आधीचा पॅच सोबत आलाच नाही, त्यामुळे डायरेक्ट आयओने (मधली मेमरी टाळून थेट डिस्कवर) लिहिताना फाईलमधली जागा चुकीची सरकायची आणि पुढचा डेटा भलतीकडेच जाऊन पडू शकत होता. शेतकऱ्याच्या पट्टीतला आकडा असा गुपचूप बिघडला तर जाब कोणाला विचारायचा सांगा!

ज्यांनी हे पकडलं, ज्यांनी डेबियन १२.३ च्या इमेज (इन्स्टॉल करायच्या फाईली) ऐनवेळी रोखून धरल्या, सध्या अपग्रेड करू नका म्हणून सगळ्यांना सावध केलं आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्त कर्नल ६.१.६६ घेऊन डेबियन १२.४ हातात दिली, त्या सगळ्या भाऊ-ताईंचे लय आभार. निघालेली रिलीज थांबवायला हिंमत लागते, मला तर तेच सगळ्यात मोठं काम वाटतं.

हिवाळ्यात कधी जळगावकडे आलात तर बामणोदच्या वांग्यांचं भरीत अन् कळण्याची भाकरी आमच्याकडून पक्की, नक्की या.