भांडी पुरे झाली साहेब, आता पाणी बदलायला माणूस नेमा

माननीय पर्यावरण मंत्री साहेब, नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमच्या खात्याकडून पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी वाटली जातात, कधी २० मार्चचा जागतिक चिमणी दिन गाठून छोटासा कार्यक्रम होतो, फोटो निघतात, आणि मग ती भांडी बागेत, ऑफिसच्या गच्चीवर, शाळेच्या कुंपणावर तशीच पडून राहतात. कल्पना चांगलीच आहे, माझी तक्रार आहे ती दुसऱ्या दिवसापासूनची.

पाणी लागतंच हो त्यांना. पक्ष्यांना घाम येत नाही, ऊन वाढलं की ते चोच उघडी टाकून धापा टाकतात, काही जण गळा थरथरवतात, म्हणजे अंगातल्या पाण्याची वाफ करून अंग थंड ठेवायचं, आणि एवढ्याशा जिवात मुळात पाणी असून असून किती असणार. त्यातून चिमणी, कबुतर, होला असे दाणे खाणारे असतील तर त्यांना त्या कोरड्या दाण्यातून जवळपास काहीच मिळत नाही, किडे खाणाऱ्यांचं त्यामानाने बरं भागतं. वर अंघोळही हवी, पिसं नीट राहायला.

पण वाटलेलं भांडं चार दिवसांनी जाऊन बघा ना एकदा. शेवाळ, विष्ठा, नाहीतर ठणठणीत कोरडं. घाण पाणी हे पाणी नसण्यापेक्षा वाईट ठरू शकतं, कारण कबुतर-होल्यांच्या घशात होणारा ट्रायकोमोनास नावाचा परजीवी अशाच एकत्र प्यायच्या पाण्यातून एकाचा दुसऱ्याला लागतो. आणि डास! गरमीत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस पुरतात. डेंग्यूचा डास तर अंडी पाण्याच्या कडेला भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटवतो, ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, त्यामुळे नुसतं ओतून पुन्हा भरून चालत नाही, आतून घासावं लागतं. मग डास शोधत फिरणारा आरोग्य खात्याचा माणूस येतो आणि तेच भांडं ओतून जातो, त्याची तरी काय चूक? एक खातं भरतंय, दुसरं उपडं करतंय, आणि पक्षी मधल्यामधे.

म्हणून विनंती अशी की यंदा नवीन भांड्यांचा खर्च कमी करा आणि सरकारी बागा नि ऑफिसांच्या देखभालीच्या कामात एकच ओळ टाका, पाणी रोज बदलायचं, अगदीच नाही जमलं तर एक दिवसाआड, आणि दर वेळी ब्रशने घासायचं. माळीकाका सकाळी पाइप घेऊन झाडांना पाणी घालतच असतात, त्यांना दोन मिनिटं जास्त लागतील, फक्त हे काम त्यांचं आहे असं कुणीतरी लिहून दिलं पाहिजे ना (आणि त्या दोन मिनिटांचे पैसेही द्या, फुकटात नको).

भांडी घ्यायचीच असतील तर खोलगट चकचकीत प्लास्टिकची नकोत. पसरट, खरबरीत, पाणी ५ सेंटीमीटरच्या आत, मधे एखादा दगड म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतो. सावलीत ठेवा, पण अगदी झुडपाला खेटून नको, तिथे मांजर दबा धरून बसतं. पत्र्याचं तर उन्हात ठेवूच नका, पाणी चटका बसेल इतकं तापतं. आणि हो, सरकारी बांधकामांवरचे उघडे हौद राहिलेच, त्यात पडलेल्या पक्ष्याला गुळगुळीत भिंतीवरून वर येता येत नाही, एक फळी तिरकी सोडली तरी काम होतं, त्याला तर टेंडरसुद्धा लागत नाही.

आदेश काढाल तेव्हा आरोग्य मंत्र्यांचीही सही घ्या, म्हणजे घासलेलं, रोज बदललेलं भांडं कुणी ओतून जाणार नाही. आणि प्रत्येक बागेच्या फाटकावर लिहा की इथलं पाणी कोण बदलतं आणि किती वाजता, म्हणजे नाही बदललं तर आम्हाला विचारायला कुणीतरी असेल.

आपला,
एक नागरिक