ऑक्झिंडेन रायगडावर कशासाठी आला होता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिवराज्याभिषेक दिन जवळ आला की आपल्या आणि इतरही वृत्तपत्रांत इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हटकून भेटतो. सिंहासनाच्या एका बाजूला भाल्यांच्या टोकांवर मोठ्या दातांच्या माशांची सोनेरी डोकी, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या, सोन्याचा तराजू, दरवाजाशी झुलणारे दोन लहान हत्ती. हे सारे त्याने टिपून ठेवले, याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोतच. पण हा माणूस त्या दिवशी गडावर का होता, हे त्या लेखांत क्वचितच येते. राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई पदरात पाडून घेण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने त्याला धाडले होते. मी राजापूरचा. हयातभर इथल्या मुलांना इतिहास शिकवला. त्यामुळे ही गाळलेली जागा दरवर्षी टोचते.

इंग्रजांची वखार राजापुरात सतराव्या शतकाच्या मध्याला उघडली. जैतापूरच्या खाडीतून माल वर यायचा, घाटावरून बैलांच्या तांड्यांनी मिरी, वेलदोडे, कापड उतरायचे. वखार म्हटले की डोळ्यांपुढे टोपीवाले उभे राहतात. प्रत्यक्षात ते मूठभर. मालाची पारख करणारे, भाव ठरवणारे, बोलणी करणारे दलाल आणि दुभाषे इथलेच. संकट आले की पहिला चटकाही त्यांनाच बसे. १६६०च्या सुरुवातीला महाराजांच्या माणसांनी कंपनीच्या फिलिप गिफर्डला पकडले, तेव्हा कंपनीचा दलाल बालाजीही त्या भानगडीत सापडला होता.

तरीही तोपर्यंत प्रकरण मिटण्यासारखे होते. ते चिघळवले वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने. महाराज पन्हाळ्यात अडकलेले, सिद्दी जौहरचा वेढा पडलेला, आणि हा व्यापारी तोफ आणि दारूगोळा घेऊन वेढ्यात जाऊन उभा राहिला. गडावर गोळे टाकले तेही इंग्रजी निशाण फडकवून. १६६१ मध्ये महाराज राजापुरात आले ते हा हिशेब मनात ठेवूनच. वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन आणि त्याचे सहकारी कैद झाले. काहींना वासोट्यावर ठेवले, पुढे सोनगडावर. रेव्हिंग्टन आजारपणामुळे सुटला आणि लवकरच वारला. बाकीच्यांची सुटका व्हायला १६६३ साल उजाडले.

या कैद्यांनी सुरतेला गाऱ्हाणी केली, तेव्हा मार्च १६६२ मध्ये तिथल्या वरिष्ठांनी काय कळवले, ते प्रत्येक राजापूरकराने वाचावे. त्याचा आशय असा: तुम्ही कैदेत का पडलात, हे तुम्हाला चांगले ठाऊक आहे, कंपनीचा माल राखण्यासाठी नव्हे, पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन इंग्रजांचे म्हणून ओळखले जाणारे निशाण लावून गोळे टाकल्याबद्दल. म्हणजे दोष आपल्या माणसाचा आहे, हे कंपनीने आपल्याच कागदात कबूल केले. त्याच कंपनीने पुढची बारा वर्षे महाराजांकडे नुकसानीचा तगादा लावला. १६७२ मध्ये उस्टिक येऊन गेला, १६७३ मध्ये निकल्स आणि १६७४ मध्ये ऑक्झिंडेन.

त्या वकिलातीचे दिवस मला राज्याभिषेकाच्या वर्णनाइतकेच मोलाचे वाटतात. मे महिन्यात ही मंडळी पाचाडला पोहोचली तर महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेलेले. उन्हात, तंबूत थांबणे आले. भेटी महाराजांचे अधिकारी निराजी पंत यांच्या. जंजिऱ्याच्या सिद्दीशी तह करा, असा सल्ला द्यायचा ऑक्झिंडेनचा विचार होता. तो विषय काढू नका, असे निराजींनी त्याला आधीच समजावले. जेवणाची अडचण वेगळीच. गडावरची माणसे तुपातल्या खिचडीवर खूश, या पाहुण्यांना मांसाशिवाय चैन पडेना. शेवटी रोज अर्धा बोकड लावून द्यावा लागला. इतके मांस रिचवणारी माणसे आहेत तरी कशी, हे बघायला त्यांना मटण पुरवणारा म्हातारा खाटीक एवढा गड चढून आला. दरबाराच्या थाटाशेजारी हा खाटीकही मुलांच्या पुस्तकात असायला हवा.

आणि कराराची बोलणी! इंग्रजांची कलमे वीस. आमची नाणी तुमच्या मुलखात चालवा, हे त्यांतले एक. त्यावर मिळालेले उत्तर असे: कोणतेही नाणे चालायला आमची बंदी नाही, पण नुकसान सोसून ते घ्या, अशी सक्ती आम्ही रयतेवर करणार नाही, तुमचे नाणे वजनाला आणि कसाला मोगली नाण्याइतके उतरले तर ते आपोआप चालेल. फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा माल परत द्या, या मागणीवरही सुरुवातीला नकारच आला. ही कोकणची चाल नव्हे आणि तुम्हाला दिले की फ्रेंच, डच तेच मागतील. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या उत्तरांत चलन आणि सागरी हक्क यांची जी समज दिसते, तिने मी आजही थक्क होतो. अखेर जूनमध्ये करार झाला. राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण इथे वखारींना परवानगी मिळाली, जकात अडीच टक्के ठरली आणि भरपाईपोटी दहा हजार होन, म्हणजे सोन्याची नाणी, कबूल झाले. त्या होनांसाठी कंपनी पुढे वर्षानुवर्षे खेटे घालत राहिली.

या सगळ्यात दोन्ही बाजूंचे बोलणे एकमेकांना पोहोचवणारा एक माणूस होता, नारायण शेणवी. इंग्रजांचा दुभाषा. ऑक्झिंडेनच्या आधी, एप्रिलमध्येच तो रायगडावर जाऊन आला होता. सिंहासन घडते आहे, जूनमध्ये महाराज अभिषिक्त होणार आहेत, ही बातमी कंपनीला त्याच्याच पत्रातून मिळाली. दरबारात इंग्रज लांब उभे होते, तेव्हा नजरेसाठी आणलेली हिऱ्याची अंगठी यानेच उंच धरली, म्हणून महाराजांचे लक्ष तिकडे गेले आणि त्यांना सिंहासनाजवळ बोलावणे आले. हा प्रसंग आपण वाचतो, अंगठी लक्षात राहते आणि तिला धरणारा हात विसरतो.

आपल्याला दोन विनंत्या. यंदा ऑक्झिंडेनचे वर्णन छापाल, तेव्हा त्याशेजारी सुरतेचे १६६२चे पत्र आणि कराराची मुख्य कलमे मराठीत छापावीत. हे कागद पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्येच प्रसिद्ध केले आहेत, शोधाशोध करावी लागणार नाही. दुसरी विनंती राजापूरच्या लोकप्रतिनिधींपर्यंत आपण पोहोचवावी: वखारीची ही हकीकत सांगणारा एक नीट मराठी फलक गावात उभा करावा आणि त्यावर रेव्हिंग्टनबरोबर बालाजी दलालाचे आणि नारायण शेणव्याचे नावही असावे. मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, राजापूर