पिल्लाच्या गळ्यात पट्टा नको, कातडीखाली चिप हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात झालेली मांजराची पिल्लं आता दीड-दोन महिन्यांची होऊन घरोघरी वाटली जात आहेत. पिल्लू घरात आलं की पहिल्याच आठवड्यात त्याच्या गळ्यात काहीतरी बांधायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. कुणी नजर लागू नये म्हणून काळा दोरा बांधतं, कुणी घुंगरू, आणि आता बाजारात रंगीबेरंगी पट्टेही मिळू लागले आहेत. त्यामागची माया खरी असते. पण याच पिल्लांच्या गळ्याच्या जखमा पावसाळ्यात पशुवैद्यकाच्या टेबलावर येतात आणि त्या सहज टाळता येण्यासारख्या असतात. म्हणून हे पत्र.

आधी वाढीचा हिशेब पाहू. जन्मताना पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं असतं. दोन महिन्यांचं होईतो 800 ग्रॅम ते 1 किलो भरतं आणि सहाव्या महिन्यात अडीच ते तीन किलो. चार महिन्यांत वजन तिप्पट होतं, गळा भरतो, दोरा मात्र आहे तेवढाच राहतो. केस दाट झाले की तो दिसेनासा होतो. आधी त्या जागेचे केस झडतात, कातडी लाल होते, मग दोरा आत रुततो आणि वरून कातडी भरून येते. बाहेरून दिसते ती फक्त एक ओली रेघ, आणि वास येतो. पावसाळी हवेत त्यावर माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. नायलॉनचा दोरा आणि रबरबँड यांत सर्वांत वाईट. रबरबँड लहान मुलं खेळताना घालतात आणि विसरून जातात. रुतलेला दोरा घरी ओढून काढायचा प्रयत्न कधीच करू नये. भूल देऊन, कातडी सोडवत, तो दवाखान्यातच कापून काढावा लागतो.

घट्ट पट्ट्याची भीती सगळ्यांना कळते. सैल पट्ट्याची कळत नाही, आणि दुखापती त्यानेही होतात. पट्टा निघावा म्हणून पिल्लू पुढचा पाय त्यात घालतं. पाय पलीकडे गेला की पट्टा मानेवरून तिरका होऊन काखेत बसतो आणि प्रत्येक पावलाला घासत राहतो. काखेची जखम फार चिवट असते. चालताना, उडी मारताना तिथली कातडी सतत ताणली जाते, घातलेले टाके उसवतात आणि जखम महिनोन् महिने भरत नाही. इलॅस्टिकचे पट्टे यासाठीच धोक्याचे. ते ताणून सुटतात असं वाटतं, पण ताणतात ते पाय आत जाण्याइतकेच. दुसरी तऱ्हा म्हणजे अंग चाटताना खालचा जबडा पट्ट्यात अडकतो. तोंड उघडंच राहतं आणि जनावर घाबरून भिंतीवर आपटत सुटतं. तिसरी सगळ्यांत वाईट. खिडकीचा गज, कुंपणाची तार, तासगावकडच्या द्राक्षबागेतल्या मांडवाच्या तारा, अशा कशात तरी पट्टा अडकून मांजर लोंबकळतं. बकलाचा पट्टा अशा वेळी सुटत नाही. कुत्र्याच्या पिल्लाचा छोटा चामडी पट्टा मांजराला घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणून सहा महिन्यांच्या आत पिल्लाच्या गळ्यात काहीही नको. दोरा नको, घुंगरू नको, रिबीन नको. नजरेची काळजी असेल त्यांनी दोरा पिल्लाच्या टोपलीला बांधावा.

सहा महिन्यांनंतर पट्टा घालायचाच असेल तर ताण पडताच आपोआप उघडणाऱ्या क्लिपचाच घ्यावा. दुकानात दोन्ही प्रकार शेजारी टांगलेले असतात आणि दिसायला सारखेच असतात. ज्या क्लिपच्या दोन्ही बाजू चिमटीत दाबाव्या लागतात, ती ओढल्याने उघडत नाही. घरी तपासायची सोपी रीत अशी: पट्टा बंद करून खुंटीला अडकवा, खालच्या बाजूला कापडी पिशवी लावा आणि पिशवीत थोडे थोडे तांदूळ घालत जा. आपल्या मांजराच्या वजनाइतके तांदूळ पडायच्या आधी क्लिप उघडली पाहिजे. अडीच किलोच्या मांजरासाठी दोन किलोवर उघडली तर ठीक, तीन किलोवरही उघडली नाही तर तो पट्टा घालू नये. रुंदी 1 सेंटिमीटरच्या आसपास असावी, त्याहून बारीक पट्टा कापतो. पट्टा आणि मान यांत एक ते दोन बोटं आडवी जावीत, जास्त नकोत. पट्टा घालताना मांजर मान ताठ करतं, त्यामुळे दहा मिनिटांनी ते शांत झालं की पुन्हा बोट घालून पाहावं. तेव्हा हमखास सैल निघतो. वर्षाचं होईपर्यंत आठवड्यातून एकदा हीच तपासणी करावी, कारण मांजर तोवर वाढत असतं. लोंबणारा बिल्ला अडकतो, म्हणून मोबाइल नंबर पट्ट्यावरच पक्क्या शाईच्या पेनने लिहावा. दोन नंबर लिहावेत.

पिसवांच्या औषधी पट्ट्यांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. वेष्टनावर वयाची मर्यादा छापलेली असते, ती पाळावीच. बहुतेक पट्टे 10 ते 12 आठवड्यांच्या आत चालत नाहीत. आणि कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारी पर्मेथ्रिनची पावडर किंवा थेंब मांजराला कधीच लावू नयेत. कुत्र्याच्या यकृतात हे औषध मोडलं जातं, मांजराच्या यकृतात ती क्षमता नाही. थरथर, झटके आणि मृत्यू, असा तो क्रम असतो.

आता मुख्य अडचणीकडे येतो. जो पट्टा सुरक्षित, तोच ताण पडला की गळून पडतो. त्याचा गुणच तो आहे. म्हणजे मांजर कुठेतरी अडकलं, पळालं, हरवलं, की नेमक्या त्याच वेळी त्याच्या गळ्यातली ओळख निघून गेलेली असते. सांगलीत हा मुद्दा जास्त लागू पडतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांपलीकडे गेलं आणि 2021 च्या जुलैत पूर पुन्हा आला. गावभाग, सांगलीवाडी, हरिपूर, शामरावनगर इथल्या लोकांना हे सांगायला नको. पुरात म्हैस दावं सोडून बाहेर काढता येते, कुत्रं मालकाच्या मागे नावेत चढतं, मांजर मात्र माळ्यावर, कौलांवर, शेजारच्या गच्चीवर जाऊन बसतं. पाणी ओसरल्यावर ते भलत्याच गल्लीत सापडतं, चिखलाने माखलेलं, रंगही ओळखू येत नाही. मार्चमध्ये जन्मलेलं पिल्लू ऑगस्टमध्ये पाच महिन्यांचं असतं. पट्ट्याचं वय झालेलं नसतं आणि पूर आलेला असतो. चिपचं वय मात्र केव्हाच झालेलं असतं.

मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, सुमारे 12 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाड काचेची नळी. लहान पिल्लांसाठी 8 मिलिमीटर लांब आणि 1.4 मिलिमीटर जाड असा छोटा प्रकारही मिळतो. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ आणला की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि 15 आकडी क्रमांक देते, एवढंच तिचं काम. मांजर कुठे आहे हे ती सांगत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की चिप बसवली म्हणून लोक निर्धास्त होतात. जीपीएसचे पट्टे वेगळे. ते जड असतात, रोज-दोन दिवसांनी चार्ज करावे लागतात आणि पिल्लासाठी नाहीतच. गाई-म्हशींच्या कानातला 12 आकडी पिवळा बिल्ला आपल्या जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाचा आहे. चिपचं काम तेच. फक्त मांजराचा कान बिल्ला पेलण्याजोगा नसतो, म्हणून क्रमांक कातडीखाली जातो.

पिल्लू आठ आठवड्यांचं, निरोगी आणि किलोभर वजनाचं असेल तर चिप बसवता येते. इंग्लंडमध्ये 10 जून 2024 पासून मांजर 20 आठवड्यांचं होण्याआधी चिप सक्तीची झाली आहे. आपल्याकडे अनेकजण निर्बीजीकरणाच्या वेळी, भूल दिलेली असतानाच, चिप बसवून घेतात. ते सोयीचं आहे, पण पूरपट्ट्यात तेवढं थांबू नये. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस द्यायची असते, त्याच भेटीत चिप बसवावी. आधी चिप, मग लस. मुलाबाळांकडे परदेशी मांजर नेण्याची वेळ आली तर हा क्रम कामाला येतो, कारण युरोपात चिपच्या आधी टोचलेली रेबीजची लस धरत नाहीत.

चिप बसवताना मालकाने काय पाहावं? डॉक्टर आधी पिल्लाच्या अंगावरून स्कॅनर फिरवतात, कारण दुसऱ्याकडून आलेल्या जनावरात चिप आधीच असू शकते. मग पाकिटातली चिप स्कॅन करून पडद्यावरचा क्रमांक स्टिकरशी जुळवतात. जागा पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या बरोबर मध्ये. तिथली कातडी चिमटीत वर उचलून निर्जंतुक सुई अंगाला समांतर अशी कातडीखाली सारतात, दट्ट्या दाबतात, सुई काढून ती जागा काही सेकंद दाबून धरतात. हे दाबणं राहिलं तर चिप सुईच्याच छिद्रातून बाहेर येऊन केसांत अडकते आणि कुणाला कळतही नाही. सुई लसीच्या सुईपेक्षा बरीच जाड असते, त्यामुळे पिल्लू क्षणभर ओरडतं, पण भूल लागत नाही. शेवटी पुन्हा स्कॅन. हा शेवटचा स्कॅन झाल्याशिवाय उठू नका. पाकिटातल्या स्टिकरपैकी एक लसीच्या कार्डावर लावून घ्या, एक घरी जपून ठेवा. दोन दिवस ती जागा चोळू नका, आंघोळ घालू नका.

नंतर जे बिघडतं ते बहुधा वाचताना बिघडतं. चिप हळूहळू सरकून खांद्याकडे किंवा छातीच्या बाजूला जाऊ शकते. म्हणून स्कॅनर फक्त मानेवर लावून चालत नाही. मानेपासून शेपटीपर्यंत आणि दोन्ही खांदे, फासळ्या, पुढचे पाय यांवरून अगदी सावकाश, अंगाला जवळजवळ टेकवून फिरवावा. घाईत फिरवला तर चिप निसटते. लोखंडी टेबल असेल तर मांजर कडेवर घेऊन तपासावं. जुन्या 125 किलोहर्ट्झच्या स्कॅनरला आजच्या 134.2 किलोहर्ट्झच्या चिपा वाचता येत नाहीत, हे दवाखान्यांनी स्कॅनर घेतानाच पाहावं.

आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे चिप बसते, नोंद होत नाही. नुसते 15 आकडे कुणाला काय सांगणार? मांजरांसाठी देशभराची एकच सरकारी यादी आपल्याकडे नाही. चिपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मालकाने स्वतः नाव, दोन मोबाइल नंबर आणि पत्ता भरावा लागतो, घर किंवा नंबर बदलला की तो बदलावाही लागतो. सापडलेल्या मांजराचा क्रमांक 900 ते 998 यांपैकी तीन आकड्यांनी सुरू होत असेल तर ते आकडे चिप बनवणाऱ्या कंपनीचे असतात, त्यावरून शोधाची दिशा मिळते. सुरुवात 356 ने असेल तर तो भारताचा देश-क्रमांक.

म्हणून सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका आणि जिल्ह्याचा पशुसंवर्धन विभाग यांना विनंती आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही ठिकाणी किमान एकेक स्कॅनर लोकांना विनासायास वापरता येईल असा ठेवावा, आणि चार रकान्यांची एकच नोंदवही सुरू करावी: चिप क्रमांक, दोन मोबाइल नंबर, प्रभाग, रेबीजच्या लसीची तारीख. शेवटचा रकाना केवळ मांजरासाठी नाही. पुरानंतर निवारा केंद्रात घाबरलेलं मांजर कुणाला चावलं, तर त्याला लस दिली होती की नाही हे त्याच मिनिटाला कळलं पाहिजे. खासगी दवाखान्यांनी बसवलेल्या चिपांचे क्रमांकही याच वहीत यावेत. पाऊस सुरू व्हायच्या आत हे झालं तर यंदाच्या पिल्लांना उपयोग होईल.

चिपचा खर्च ज्यांना झेपणार नाही त्यांनी आजच पिल्लाचे चार फोटो काढावेत: समोरून, दोन्ही कुशींचे आणि शेपटीचा. अंगावरचे पट्टे, ठिपके सहसा बदलत नाहीत. दर महिन्याला एक नवा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. आणि अनोळखी मांजर दारात जेवायला येऊ लागलं तर ते बेवारस आहे असं धरून चालू नका. साध्या वहीच्या कागदाची दीड सेंटिमीटर रुंद पट्टी कापून त्यावर ‘हे मांजर तुमचं आहे का?’ आणि आपला नंबर लिहा, गळ्याभोवती सैलसर गुंडाळून टोकं जेमतेम चिकटतील इतकाच टेप लावा. कागद अडकला तर फाटतो, गळा आवळत नाही. मांजर लहान पिल्लू असेल किंवा हात लावू देत नसेल तर मात्र हेही करू नका, फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाका.

आपला,
एक पशुवैद्यक,
विश्रामबाग, सांगली